दाजींच्या बोटीला हिरवं लुगडं

नवी मुंबईला कुणी प्रवासाला म्हणून जात नाही. लग्नाला जातात, पोराच्या मुलाखतीला जातात, कुणाला मोठ्या दवाखान्यात ठेवलं असेल तर डबा घेऊन जातात. मी गेलो एका बोटीच्या मयताला. कराडला आमच्या कट्ट्यावर हे सांगितलं तेव्हा दोघांनी माझ्याकडं नीट निरखून बघितलं, आणि तिसऱ्यानं बीपीची गोळी वेळेवर घेतोस ना, असं विचारलं. त्यांचं चुकलं नाही. चाळीस मैल परिसरात समुद्र नसलेल्या गावातला माणूस मी. एसटीच्या कंट्रोल केबिनमध्ये बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली हे भोंग्यावरून ओरडण्यात माझं आयुष्य गेलं. पाणी म्हणजे कृष्णा-कोयनेचा संगम, आणि त्यातही गुडघ्यापुढं मी कधी गेलो नाही.

फोन दाजींचा होता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. तरुणपणी आमच्याच बाजूच्या एका खेड्यातून मुंबईला गेले, गोदीत लागले आणि पत्रे वाकवून जहाजाच्या सांगाड्यावर बसवणारे प्लेटर म्हणून तिथूनच निवृत्त झाले. म्हणाले, "सदा, आपली बोट चालली. येऊन जा. आणि येताना एक लुगडं घेऊन ये. नऊवारी, हिरवं, काठाचं."

ही 'आपली बोट' म्हणजे नौदलाची एक फ्रिगेट. मधल्या आकाराची लढाऊ नौका. विलायतेच्या कंपनीचा परवाना घेऊन, त्यांच्या नकाशांवरून आपल्या लोकांनी आपल्या गोदीत बांधलेल्या सारख्या सारख्या बोटींपैकी ही सुरुवातीची. दाजी हिच्यावर काम शिकले. तिचं नाव मी इथं लिहीत नाही. दाजीही ते कधी घेत नाहीत. बायकोचं नाव घ्यायला लाजणाऱ्या पिढीतले ते, बोटीचंही तसंच. नौदलानं तिला निवृत्त करून बरीच वर्षं झाली होती. इतके दिवस नुसतं धूड कुठंतरी बांधून ठेवलं होतं, आता ते भंगारात विकलं गेलं होतं.

आणि लुगडं का, तर ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावरचं शेवटचं वस्त्र माहेरचं असतं. भाऊ हिरवं लुगडं घेऊन येतो, मग तिला उचलतात. तोवर थांबतात. आक्का करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली, आणि तिचा भाऊ जिल्ह्याच्या नाक्यावर पोलिसांपुढं पास दाखवत उभा होता. तो पास चालत नव्हता. मी मोटारसायकल वळवून घरी आलो. दुसऱ्या दिवशी दाजींचा फोन आला, "लुगडं नेसवलं बघ. हिरवंच. तुझ्या नावानं नेसवलं, काळजी करू नको." त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं काढली. आक्काची आठवण आली की आधी ते हिरवं लुगडं डोळ्यांपुढं यायचं आणि मग रडू जरा कमी यायचं.

कराडच्या दुकानात लुगडी दाखवणाऱ्यानं कुणासाठी, वय काय, असं विचारलं. बोटीसाठी, हे काही माझ्या तोंडून बाहेर पडेना. बहिणीसाठी, म्हणून टाकलं. त्यानं मग मऊ सुताचं, बारीक काठाचं काढून दिलं. म्हाताऱ्या बाईला जड होत नाही, म्हणाला.

कोपरखैरणे

वाशीला हायवेवर एसटीतून उतरलो. गाडी वेळेवर होती, हे नोंदवून ठेवतो, कारण उशिरा आली की लोक लगेच लिहितात. रिक्षानं दाजींच्या घरी गेलो. सिडकोनं बांधलेली बैठी घरं ही. आक्का इथं राहायला आली तेव्हा दारात तुळस होती आणि वर आभाळ. आता दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांनी मजल्यांवर मजले चढवलेत आणि मधल्या दाजींच्या घरात भर दुपारी दिवा लावावा लागतो. दाजींना त्याचं काही वाटत नाही. वेल्डिंगच्या झळांनी आधीच अधू झालेले डोळे काचबिंदूनं नेले. माणूस आलेला कळतो, कोण आला ते कळत नाही. कान मात्र इतके तिखट की मी गल्लीच्या तोंडाशी रिक्षावाल्याशी सुट्ट्यांवरून घातलेला वाद त्यांनी मला जसाच्या तसा ऐकवला.

"आणलंस?" एवढंच पहिलं विचारलं. पिशवीतून लुगडं काढून मी त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी घडी न मोडता काठावरून अंगठा फिरवला, पोत बघितला, आणि आक्काच्या फोटोखालच्या फळीवर नेऊन ठेवलं. वाटेत कशाला धडकले नाहीत. पाणी पी, म्हणाले.

रात्रीच्या जेवणाला शेजारच्या बाई डबा देतात. चपाती, वाटाण्याची उसळ आणि भात. उसळीत गूळ. कराडकडं असं कुणी केलं तर पाहुणा ताटावरून उठेल, पण इथं गल्लीत कोकणची, मराठवाड्याची, घाटावरची अशी घरं दाटीनं राहिली आणि सगळ्यांच्या भाज्या हळूहळू एकमेकींसारख्या झाल्या. दाजी मुकाट्यानं जेवतात. आक्काच्या हातचं तिखट आठवून मीच जरा कुरकुर केली, तर म्हणाले, "डबा देतायत हे बघ." मग मीही गप्प जेवलो.

जेवताना ते बोटीच्या विषयावर आले. विलायतेहून नकाशांच्या पेट्या आल्या होत्या, लाकडी, आत मेणकागद. त्यात जे असेल ते तसंच करायचं, एका सुताचा फरक नाही, असा साहेबांचा हुकूम. नकाशा थंड देशातला. त्यात खलाशांच्या झोपायच्या खोल्यांतून वाफेच्या नळ्या फिरवलेल्या, खोल्या गरम ठेवायला. मे महिन्याच्या मुंबईत, बनियन पिळून घाम काढत, या लोकांनी त्या गरम नळ्या बसवल्या. एक-दोघांनी विचारलं, इथं थंडी कुठाय. नकाशात आहे ना, मग बसवा. "आम्ही हसायचो," दाजी म्हणाले, "आणि बसवायचो. चांगल्या बसवल्या. एकही गळली नाही कधी." आमच्या डेपोत पण वरून आलेलं वेळापत्रक असंच असायचं, घाटात बैलगाड्या असतात हे त्याला ठाऊक नसायचं, पण आम्ही निदान शिव्या देऊन ते पाळायचो. या लोकांना त्या परक्या नकाशाचा अभिमान होता. तो आपल्याला जमला, याचा.

पाण्यात सोडायचा सरकारी सोहळा झाला तेव्हा कामगारांना लांब दोरीपलीकडं उभं केलं होतं. म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी कामगारांनी आपला सोहळा आधीच उरकला. गोदीतल्या सगळ्यांच्या बायका आल्या आणि त्यांनी बोटीची ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण. लेक सासरी चालली तर रिकामी कशी पाठवायची? आक्काचं लग्न नुकतंच झालं होतं. ती ओटी भरताना एवढी रडली की बाकीच्या बायका बोट सोडून तिलाच समजावत बसल्या.

"ही आपलीच, हे ओळखायचं कसं?" मी विचारलं. "सगळ्या सारख्याच ना?"

दाजी हसले. म्हणाले, पुढं सगळ्या सारख्याच, पण मागून बघ. आपलीच्या ढुंगणाला खाच आहे, मधोमध, खोल. तिच्यातून पाण्याखाली ऐकायचं एक यंत्र सोडायचे. नंतरच्या बोटींना ती खाच त्यांनी ठेवलीच नाही, सपाट पत्रा मारला. "खाच दिसली की आपली. नाही दिसली तर पुतणी-भाची कुणीतरी."

मग हात धुवून आले आणि लुगड्याची घडी जागेवर आहे का, ते चाचपून बघितलं.

उलवे

भाची वैशाली उलव्याला राहते, चौदाव्या मजल्यावर; दुसऱ्या दिवशी दाजींना घेऊन तिच्याकडं गेलो. नोकरी ऐरोलीला, एका ऑफिसात, जिथं दिवसभर अमेरिकेतल्या लोकांची बिलं तपासतात. तिच्या सोसायटीच्या दाराशी रखवालदारानं मला नंबर विचारला. कुठला नंबर? तर वैशालीच्या मोबाईलवर आलेला. सख्ख्या मामाला आत जायला भाचीकडून आकडे मागवावे लागले. कराडला पाहुणा आला की आधी कुत्रं भुंकतं, मग माणसं बाहेर येतात. ती पद्धत बरी. दाजी मात्र सराईतपणे भिंतीला हात लावून उभे राहिले होते.

तिच्या खिडकीतून विमानं जाताना दिसतात. नवा विमानतळ जवळच. पलीकडं आणखी एक इमारत चढते आहे, आणि तिच्या आवारात लोखंडी सळयांचे भारे रचून ठेवलेत, गंजाच्या रंगाचे. मी सहज विचारलं एवढं लोखंड येतं कुठून, तर वैशाली म्हणाली, तळोज्याच्या कारखान्यांतून, भंगार वितळवून. जुनी जहाजंबिहाजं. मग आम्ही दोघंही दाजींकडं बघून विषय बदलला. त्यांनी ऐकलं असणार. त्यांना सगळं ऐकू येतं.

बोटीची खबर आली कशी, तेही तिनं दाखवलं. गोदीतल्या म्हाताऱ्यांचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे. सगळे सत्तरीपुढचे, निम्म्यांना दिसत नाही, उरलेल्यांना ऐकू येत नाही. त्यावर कुणीतरी फोटो टाकला होता: राखाडी धूड, अंगावर गंजाचे ओघळ, पुढचा नंबर रंग मारून बुजवलेला. खाली कुणीतरी लिहिलं, आपली बोट चालली. मग प्रत्येकानं तेच लिहिलं. हात जोडलेली चित्रं आली, फुलं आली. कुणीही विचारलं नाही की नंबर नसताना ओळखली कशी. फोटो पुढून घेतलेला होता.

वैशालीनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. कांदा चिरत होती, म्हणून डोळ्यांतलं पाणी कशाचं ते सांगता येत नाही.

"मामा, मला टेन्शन बाबा होडीतून पडण्याचं नाहीये रे. तो होडीवाला नाखवा चांगला माणूस आहे, नेईल नीट. पण गेले तीन-चार महिने बाबा फक्त ह्या बोटीवर जगतायत. रोज मला ग्रुपचे मेसेज वाचायला लावतात. ती बघून आले की मग काय धरून जगणार ते?"

मी कोथिंबीर निवडत बसलो. बाहेर दाजी खुर्चीत पाठ ताठ करून बसले होते, मांडीवर पिशवी, पिशवीत लुगडं. कुणी फलाटावर गाडीची वाट बघतं तसे. अशी माणसं मी आयुष्यभर बघितली, आणि त्यांची गाडी रद्द झाल्याचं सांगायचं कामही माझंच असायचं. ते काम मला कधी नीट जमलं नाही.

पाण्यावर

उलव्याच्या टॉवरांच्या मागं, खाडीला लागून जुनं गाव आहे. टॉवर नव्हते तेव्हापासूनचं. तिथले आगरी आणि कोळी लोक अजून होड्या काढतात, पण विमानतळ आणि पूल झाल्यापासून जाळ्यात मासळीपेक्षा प्लास्टिक जास्त येतं, असं जनार्दन नाखवा म्हणाला. नाखवा म्हणजे होडीचा मालक आणि ती चालवणारा तांडेल, दोन्ही. साठीचा, काळा, कमरेला रुमाल. त्याच्या घरी सकाळी तांदळाची भाकरी आणि जवळ्याचं सुकं खाल्लं. आमच्या ज्वारीच्या भाकरीपुढं ही पांढरी भाकरी म्हणजे आजाऱ्याचं खाणं वाटतं, पण जवळ्याबरोबर ती अशी काही जाते की मी तिसरी मागून घेतली. त्याची शिक्षा पुढं मिळाली.

अमावास्या तोंडावर आली होती. त्या दिवसांत पाणी फार चढतं, त्याला उधाण म्हणतात. त्या उधाणावर बोट ओढून पलीकडच्या किनाऱ्याला चिखलात चढवायची आणि मग गॅसनं कापायला घ्यायची. तोवर ती बंदरात नांगरून ठेवलेली. आम्हाला तिच्याजवळ जाऊ देतील का, असं मी विचारलं. नाखवा म्हणाला, "आता ती नेवीची नाय, भंगारवाल्याची हाय. तिला हात लावायला कोन इचारतंय?"

होडीपर्यंत जायला चिखल तुडवावा लागला. दाजींना नाखव्यानं पाठीवर घेतलं, मला कुणी घेतलं नाही. चौथ्या-पाचव्या पावलाला माझी उजवी कोल्हापुरी चिखलानं ओढून घेतली. हात घालून शोधली, सापडली नाही. डावी तिथंच काठावर काढून ठेवली, एका चपलेचं करायचं काय. होडी हलली आणि माझ्या पोटातल्या तीन भाकऱ्या पण हलल्या. तिवरांची हिरवी भिंत संपेपर्यंत मी धीर धरला, मग वाकून सगळं खाडीला देऊन टाकलं. दाजींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. ते स्वतः सुखात होते. नाकानं वारा घेत होते आणि पाण्याचा आवाज बदलला की खाडी संपली, आता बंदर, असं मला सांगत होते.

समुद्रावरच्या त्या लांबलचक नव्या पुलाखालून गेलो. वरून गाड्या चालल्याचा थडथड आवाज. पलीकडं घारापुरीचा डोंगर धुरकट दिसत होता. पाणी चहाच्या रंगाचं, त्यावर तेलाचे तवंग. लोक समुद्राला निळा का म्हणतात कोण जाणे. मला तर सगळीकडं राखाडी दिसत होतं, आभाळ, पाणी, आणि मग त्या राखाडीतूनच हळूहळू बोट वेगळी झाली.

मी मोठी इमारत बघून दचकत नाही, पण तिला बघून दचकलो. एवढं मोठं आणि एवढं मुकं काही मी कधी बघितलं नव्हतं. तोफा काढून नेलेल्या, तिथं नुसती भोकं. काचा नाहीत. गंजाचे ओघळ पाण्यापर्यंत आलेले. पाण्याच्या रेषेला कालवं आणि शेवाळ. नाखव्यानं इंजिन बारीक केलं आणि होडी तिच्या कुशीला नेली. दाजींनी दोन्ही हात पुढं केले. हाताला पत्रा लागला तशी त्यांनी त्यावर थाप दिली, बैलाच्या पाठीवर देतात तशी, दोन-तीनदा. मग बोटांनी एक आडवी रेघ शोधली, दोन पत्रे जिथं जुळतात ती, आणि तिच्यावरून हात नेत राहिले.

"हा सांधा माझा," ते म्हणाले. "सदा, हा माझा." त्यांच्या तोंडावर मी आक्का गेल्यापासून असा आनंद बघितला नव्हता.

"मागं घे," त्यांनी नाखव्याला सांगितलं. "मागून घे एकदा."

होडी तिच्या कडेकडेनं मागच्या अंगाला आली. मी वर बघितलं. मागची बाजू सपाट होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ पत्रा. कुठं नंतर बुजवली असेल म्हणून मी मधोमध नीट बघितलं, ठिगळाची खूण शोधली. काही नव्हतं. मी नाखव्याकडं बघितलं. सकाळी त्याच्या ओटीवर दाजींनी खाचेची गोष्ट त्यालाही सांगितली होती. तो माझ्याजवळ वाकला आणि इंजिनाच्या आवाजाखाली म्हणाला, "दोन व्हत्या. सेम. एक मागच्या उधानाला नेली. कापली पन असंल."

मला त्या क्षणी वैशालीच्या खिडकीखालचे सळयांचे भारे आठवले.

दाजी माझ्याकडं तोंड करून बसले होते. न दिसणारे डोळे माझ्या खांद्याच्या जरा बाजूला लागलेले.

"सदा, खाच दिसते का?"

आयुष्यभर मी भोंग्यावरून गाड्या रद्द झाल्याचं ओरडलो. तेव्हा माणसं काचेपलीकडं असायची. इथं गुडघ्याला गुडघा लागलेला होता.

"दिसते, दाजी," मी म्हणालो. "तुम्ही सांगितली तशीच. मधोमध. काळजी करू नका."

त्यांनी मान हलवली. पिशवीतून लुगडं काढलं आणि माझ्या हातात दिलं. भावानंच द्यायचं असतं. बोटीच्या मागून एक गंजकी साखळी पाण्यात लोंबत होती. नाखव्यानं बांबूच्या आकड्यानं ती जवळ ओढली आणि मी पदराचं टोक तिला गाठ मारून बांधलं. वरून भंगारवाल्याचा पहारेकरी ओरडला, क्या बांध रहे हो. नाखव्यानं वर न बघता सांगितलं, माताजीचं हाय. तो माणूस कठड्याशी आला, त्यानं खाली बघितलं आणि हात जोडले.

घडी सुटली. नऊ वार कापड वाऱ्यानं आधी फुगलं, मग ओलं होऊन त्या सपाट पत्र्याला चिकटलं. गंजावर हिरवं. कराडच्या दुकानदारानं मऊ सूत दिलं होतं, ते लगेच अंगासरशी बसलं.

"कशी दिसते?" दाजींनी विचारलं.

"चांगली दिसते," मी म्हणालो. हे खरं होतं.

परत

परतताना पाणी चढलं होतं, त्यामुळं चिखल लागला नाही; होडी थेट धक्क्याला लागली. माझी काठावर ठेवलेली चप्पलही पाणी घेऊन गेलं होतं. मी अनवाणी नाखव्याच्या ओटीवर येऊन बसलो. घरातून कोरा चहा आला. नाखवा जाळं झटकायला अंगणात गेला, का आम्हाला एकटं सोडायला, ते माहीत नाही.

दाजींनी चहा संपवला, कप खाली ठेवला, आणि म्हणाले,

"सदा, तुला फोनवर सांगितलं होतं, लुगडं नेसवलं म्हणून. नव्हतं नेसवलं. मला जवळ जाऊच दिलं नाही. पिशवीत होती, चेन लावलेली. तोंड पण बघितलं नाही मी तिचं. तू तिकडं नाक्यावर अडकलेला, एकटा. तुला काय सांगणार होतो?"

खरं सांगायचं तर मला राग आला, आणि मग त्यांच्या त्या फोनचा आवाज आठवला. 'काळजी करू नको.' थोड्या वेळापूर्वी बंदरात मी हेच शब्द, ह्याच आवाजात बोललो होतो. रागाला मग बसायला जागाच उरली नाही. मी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. त्यांना दिसत नाही म्हणून उघड पुसले.

"म्हणून म्हटलं, भावाच्या हातानं एकदा तरी," दाजी म्हणाले. "तिनं जिची ओटी भरली, तिला तरी. बोटीला दिलं म्हणजे तुझ्या आक्कालाच पोचलं. तिची ती बोट, सदा. दुसऱ्या कुणाला देऊन चाललं नसतं."

अंगणात जाळं झटकल्याचा आवाज येत होता. डोक्यावरून एक विमान गेलं, तोवर दाजी थांबले. ते लांब गेल्यावर त्यांनी माझ्या दिशेला तोंड केलं.

"खाच होती ना रे?"

"होती, दाजी," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी नाखव्याच्या रबरी चपला घालून मी कराडची गाडी धरली. दाजी दारापर्यंत आले. अमावास्येला बोट ओढून नेली, असं नंतर वैशालीनं फोनवर सांगितलं. लुगडं तिच्यावर होतं का, हे तिला विचारायचा मला धीर झाला नाही.

हे सगळं लिहून मी वैशालीकडं पाठवतो आहे. मी लिहिलेलं ती दाजींना नेहमी वाचून दाखवते, आणि हे तर ते मागणारच. वैशू, सगळं वाच. माझ्या उलट्या वाच, चपला वाच, उसळीतल्या गुळाबद्दल लिहिलंय तेही वाच. फोटो पुढून घेतलेला होता, ते सोड. होडी मागच्या अंगाला आली तिथपासून मात्र जरा सांभाळून. सपाट पत्रा जिथं जिथं आहे तिथं खाच वाच. ठिगळ, नाखव्यानं माझ्या कानात सांगितलेलं, सळया, रद्द गाड्या आणि माझा राग, हे सगळं सोडून दे, आणि हा शेवटचा परिच्छेदही. फक्त वाचताना आवाज सरळ ठेव. त्यांना दिसत नाही, पण ऐकू चांगलं येतं.